न जोडलेला हेडफोन

भोसरीतल्या दुकानात मी तासभर हेडफोन बदलत होतो. कान पूर्ण झाकणारा, बाहेरचा आवाज आत न येऊ देणारा असाच हवा होता. पण एकात गेममधली पावलं नीट ऐकू यायची तर गाण्यातला तबला दबायचा, दुसऱ्यात उलटं. दुकानदार वैतागला होता, मीही.

शेजारी चार्जर घ्यायला आलेली पन्नाशीची बाई हातातली बांगडी सारखी फिरवत उभी होती. "बघू का जरा?" म्हणत तिनं काउंटरवरचा एक हेडफोन उचलला आणि पदर सारून कानांवर चढवला. वायर तशीच लोंबकळत होती. बांगडी फिरायची थांबली.

"अहो, जोडलाच नाही तो," मी वायरकडे बोट दाखवत म्हटलं.

तिनं एक कान मोकळा केला. "न्हाई जोडला तरी चालतंय की. घराखाली पत्रा ठोकायचं प्रेसमशीन हाय, दिवसभर धाडधाड. गाळा आमीच भाड्यानं दिलाय, मग बोंब मारायची कुणाच्या नावानं?"

तिनं तोच घेतला, तिथंच घातला, वायर कमरेला खोचली, वरून पदर ओढला आणि हॉर्नच्या कल्लोळात निघाली. चार्जर काउंटरवरच राहिला. दुकानदारानं हाकांवर हाका मारल्या. तिनं वळूनही पाहिलं नाही.

मी म्हटलं, "मलाही तोच द्या."