नाकाच्या शेंड्यावरचा फोड

धरमपेठेत आमच्या मागच्या गल्लीत तुळसाबाई राहते. चार घरची धुणीभांडी करते, पण लांबून लांबून माणसं तिच्याकडे येतात ती नागिणीसाठी. अंगावर नागिणीचे फोड उठले की ती सहाणेवर गेरू उगाळून त्यांच्याभोवती लेप देते. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस जातो, असं इथे सगळे मानतात.

मी बी.एस्सी. झालेली. तरी गेल्या मार्गशीर्षात माझ्या सतरा वर्षांच्या कौशल्येचं उजवं कपाळ ठणकू लागलं, वाऱ्याची झुळूक लागली तरी ती किंचाळू लागली, आणि चौथ्या दिवशी फोड उठून पापणी सुजली, तेव्हा मी तुळसाबाईलाच निरोप धाडला. सुई टोचली की नागीण चवताळते, असं शेजारी म्हणत होते. माझा विश्वास नव्हता. पण धीरही नव्हता.

तुळसाबाई आली ती गेरू घेऊनच. कौशल्येची हनुवटी धरून तिनं तोंड खिडकीकडे वळवलं आणि थांबली.

"हा नाकाच्या शेंड्यावरचा फोड कधीचा?"

"आज सकाळचा. का गं?"

"मी नाही हात लावत."

"अगं, तूच असं म्हणालीस तर मी काय करू?"

"माह्या पोराच्या, धोंडबाच्या नाकावर बी असाच होता. आठ दिवस मीच गेरू लावला. आता लेकरं आहेत त्याले, पन त्या डोळ्यानं दिवा बी दिसत नाही." मग माझ्यावरच कडाडली, "तुमी शिकलेल्या ना वं बाई? मंग घरी काहून बसून राहिल्या? रिक्षा बोलवा!"

रिक्षात तीही चढली. वारा लागू नये म्हणून सगळी वाट कौशल्येच्या तोंडापुढे पदर धरून बसली. दवाखान्यात डॉक्टरांनी पापणी उचलली तेव्हाची पोरीची किंकाळी अजून माझ्या कानात आहे.

"बुबुळापर्यंत पोचलंय," ते म्हणाले. "अजून दोन दिवस घरी ठेवलं असतं तर..."

चार महिने झाले. फोड वाळले, कळ गेली नाही. आत्ता या घटकेलाही कौशल्या डाव्या कुशीवर झोपली आहे; उजवा गाल उशीला टेकवत नाही. डोळा मात्र आहे.

रोज सकाळी तिचा डावा डोळा झाकून मी बोटं दाखवते. परवा हात वर करण्याआधीच ती म्हणाली, "तीन! आई, तू रोज तीनच दाखवतेस."

ती हसली. मला घाम फुटला. कालपासून मी बोटं बदलते.