भागीरथाबाई आणि निळं पाणी

भागीरथाबाई नान्हे ही नवेगाव बांध तलावाच्या काठी एका ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या, घरात जन्मली. जाळ्यातल्या माशाच्या कल्ल्यांकडे नुसतं बघून तो केव्हाचा धरलेला आहे ते ती सांगे. पण मासा जिवंत राखायचा असतो आणि त्याच्यासाठी पाणी तयार करावं लागतं, हे तिला भिलाईत आल्यावर कळलं, तेही वयाच्या चौतिसाव्या वर्षी.

तिचा नवरा केवलराम तिथल्या पोलाद कारखान्याच्या फिल्टर हाउसमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, होता. तिथून साऱ्या वसाहतीला नळाचं पाणी जायचं. १९६२ साली भागीरथाबाई सेक्टर दहामधल्या एका रशियन इंजिनियरच्या बंगल्यात कामाला लागली. त्याची बायको नीना उंच आणि अबोल होती. तिचं हिंदी चार शब्दांचं, भागीरथाबाईचं आठ शब्दांचं, तरी दोघींचं छान जमलं. त्याला कारण बैठकीतली काचेची टाकी. तिच्यात सहा मासे होते, चपटे, रुपेरी, अंगावर काळे पट्टे आणि वरखाली लांब पंख. नीनाने ते कलकत्त्याहून रेल्वेने आणवले होते. भागीरथाबाईने पहिल्या दिवशी झाडू हातात धरूनच त्यांच्याकडे अर्धा तास बघितलं. घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाली, "अवो, ते पोहत नाही, उडून राहिले."

हे मासे फार नाजूक. नळाचं पाणी सरळ टाकीत गेलं तर तडफडायचे, कारण रोगराई होऊ नये म्हणून त्या पाण्यात क्लोरीन घातलेलं असायचं. माणसाला ते चांगलं, माशाच्या कल्ल्यांना जाळणारं. नीना पाणी दोन दिवस उघड्या बादलीत ठेवायची, मग टाकीत घालायची. महिनाभरात भागीरथाबाई नुसत्या वासावरून सांगू लागली की आज पाणी तयार झालं की नाही.

त्या वर्षीच्या ऑगस्टात माशांच्या पंखांवर कापसासारखी पांढरी बुरशी आली. नीनाने टाकीत निळं औषध घातलं. आठ दिवसांत बुरशी गेली, पण पाणी शाईसारखं निळंच राहिलं, आणि मासे वर येऊन तोंड उघडून धापा टाकू लागले. औषधाचं काम संपलं होतं, आता ते पाण्यातून निघायला हवं होतं. सगळं पाणी एकदम बदलावं तर अशक्त मासे तेवढ्या धक्क्यानेच मेले असते. नीना टाकीच्या कोपऱ्यातली काचेची डबी दाखवून एकच रशियन शब्द पुन्हा पुन्हा बोलत होती. त्या डबीत कापूस होता, हवेची नळी होती, नळीतले बुडबुडे टाकीतलं पाणी डबीतून ओढायचे. कापसाच्या मधोमध एक थर रिकामा होता. मॉस्कोहून आणलेले काळे दाणे तिथे असायचे, ते संपले होते. कलकत्त्याहून मागवायचे तर तीन आठवडे लागणार.

"कोयला?" डबीच्या तळाशी राहिलेले दोन काळे कण बघून भागीरथाबाईने विचारलं.

नीनाने आधी होकारार्थी मान हलवली, मग नकारार्थीही हलवली. कोळसाच, पण चुलीतला नव्हे.

घरी तिने केवलरामला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. आमच्या लॅबोरेटरीत काळ्या दाण्यांचा एक डबा आहे, पाण्याचा रंग आणि वास काढायला वापरतात, असं त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच भागीरथाबाई टाकीतलं निळं पाणी बाटलीत भरून फिल्टर हाउसच्या दारात उभी राहिली. सोबत पदरात चुलीतल्या कोळशाचा चुराही घेतला होता. नीना नाही म्हणाली तरी तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

लॅबोरेटरीचे केमिस्ट शामराव देव नागपूरचे, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी तिला हाकललं नाही. बाटली उजेडात धरली आणि दोन ग्लासांत पाणी ओतलं. एकात तिचा कोळसा टाकला, दुसऱ्यात आपल्या डब्यातले दाणे, आणि दोन्ही ढवळत राहिले. भागीरथाबाई टेबलाची कड गच्च धरून उभी होती. पहिला ग्लास तसाच निळा. दुसऱ्यातला रंग मात्र फिका होऊ लागला. आधी आभाळासारखा, मग त्याहून पुसट, आणि पंधरा-वीस मिनिटांनी ग्लासाच्या आरपार शामरावांची बोटं दिसू लागली.

"रंग कुठं गेला, साहेब?"

"दाण्यांनी ओढून घेतला. ह्या कोळशाला खूप तापवून वाफ देतात, म्हणून प्रत्येक दाण्यात डोळ्याला न दिसणारी लाखो भोकं पडतात. औषध त्यांत चिकटून बसतं. क्लोरीनही ह्यानेच जातं. पण एक लक्षात ठेवा, भागीरथाबाई. भोकं भरली की दाणा मेला. मग बदलावाच लागतो."

रजिस्टरात नोंद करून त्यांनी तिला भांडंभर दाणे दिले आणि धुतल्याशिवाय घालू नका, काळी भुकटी कल्ल्यांत जाईल, असं बजावलं.

बंगल्यापर्यंतचं अंतर ती जवळजवळ पळतच गेली. नीनाने भांड्यात बघितलं आणि तिला मिठीच मारली. दोघींनी पाणी काळं यायचं थांबेपर्यंत दाणे धुतले, पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधले, डबीतल्या कापसाच्या थरांमध्ये बसवले आणि हवा सुरू केली. मग दोन स्टुलं ओढून टाकीसमोर बसल्या. त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही. इंजिनियर साहेब दुपारी जेवायला आले, त्यांनी पाव खाल्ला आणि तेही तिसरं स्टूल घेऊन बसले. चार वाजेपर्यंत टाकीच्या मागच्या काचेलगतची वाळूची रेघ दिसू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथाबाईने दार उघडलं तेव्हा पाणी नितळ होतं आणि सहाही मासे खाली, वनस्पतींच्या मधून फिरत होते. तिने चप्पल न काढताच नीनाला हाक मारली.

तिथून तिला नादच लागला. दाणे किती दिवसांनी बदलायचे ते ती पाण्याच्या पिवळसर झाकेवरून आणि वासावरून ओळखायची. माशांना औषध देताना पुरचुंडी आधी बाहेर काढायची, नाहीतर दाणे औषधच खाऊन टाकतात, हे तिचं तिनेच शोधलं. शामराव ते ऐकून म्हणाले की हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

१९६४ मध्ये नीना मायदेशी निघाली, तेव्हा टाकी भागीरथाबाईच्या क्वार्टरमध्ये आली. ती हातगाडीवरून आली, आणि माशांची दोन मडकी मांडीवर धरून भागीरथाबाई स्वतः त्याच गाडीवर बसली होती. शेजारची मैनाबाई म्हणाली, "कावून येवढं करून राहिली वं? खाता तर येत नाही ते." भागीरथाबाईने तिला आत बोलावून टाकीसमोर बसवलं. मैनाबाई संध्याकाळपर्यंत उठली नाही.

पुढच्या फाल्गुनात एका रविवारी सकाळी दोन मासे एका रुंद पानाची सफाई करू लागले. दुपारी त्या पानावर मोत्याच्या बारीक मण्यांसारखी अंडी ओळीने बसलेली होती, आणि आईबाप दोघं पंखांनी वारा घालत होते. बांधाकाठी इतकी वर्षं काढून भागीरथाबाईने हे कधी बघितलं नव्हतं. केवलराम ड्युटीवरून आला तसा सायकल टाकून आत धावला. सांजेपर्यंत क्वार्टरसमोर रांग लागली, शामराव बायकोला घेऊन आले, मैनाबाई दारात उभी राहून लोकांना हळू बोला म्हणून दटावत होती.

आठवड्याने पिल्लं पोहू लागली. शामरावांनी नीनाला इंग्रजीत पत्र लिहायला घेतलं, इंजिनियर साहेब ते तिला वाचून दाखवणार होते. काय लिहू, असं त्यांनी विचारलं. भागीरथाबाई काचेला नाक लावून मोजत होती.

"सत्तर लिवा," ती म्हणाली. "मागं अजून काही आहेत, पण ते हलूनच राहिले, मोजू देत नाही."