अक्कानं नातवाला घड्याळ का दिलं

माझी अक्का सावित्रम्मा गेल्या महिन्यात गेली. तवापास्नं जो दारात येतो तो एकच बोलतो. म्हणतो, काय मोठ्या मनाची बाई हुती, पोटची लेक गेली तरी जावयावर राग धरला न्हाय, उलट त्याच्या पोराला फॉरेनचं घड्याळ घातलं.

मी ऐकून घेते, चहा देते, पाठवून देते. पण आता बास झालं. अक्कानं राग धरला हुता. चांगला घट्ट धरला हुता. मी तिची सख्खी धाकटी भन, मला सगळं म्हाईत हाय. म्हणून सांगते.

अक्का सोलापुरात सात रस्त्याच्या मागं बोळात ऱ्हायची. दाजी लवकर गेले. मग तिनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकायला सुरवात केली. खानावळवाले दारात येऊन न्यायचे. अक्का तोंडानं लई खट. कुणी म्हणलं, भाकरी जाड झालीया, तर म्हणायची, "जा, तुझ्या बायकोला थापाय सांग, पातळ मिळंल." ती बी हसायची, ती माणसं बी हसायची, आणि भाकरी तीच न्यायची.

तिला एकच लेक, दाक्षायणी. ती मंद्रूपला दिली अडुसष्ट साली. जावई मडिवाळप्पा, किराणाचं दुकान, घरात आई ईरम्मा. बोलणीत भांडी ठरली, कपडे ठरले, अंगठी ठरली. घड्याळाचं कुणी नाव काढलं न्हाय. आणि लग्नाच्या दिवशी जेवायच्या पंगतीत नवरदेव पानाला हात लावीना.

"काय झालं?" तर म्हणं घड्याळ पायजे. फॉरेनचं. सोनेरी. आत तारीख दिसणारं.

माणसं खोळंबली. अक्का म्हणली, "दिवाळसणाला देते." तवा कुठं त्यानं घास घेतला.

दिवाळीला अक्कानं एचएमटी दिलं. नवं कोरं, चांगलं घड्याळ. असलं घड्याळ माझ्या मालकास्नी मिळालं असतं तर त्यांनी सणासुदीलाच घातलं असतं. मडिवाळप्पानं डबी उघडली, बघितलं, आणि ताटातच ठिवली, घरी नेली न्हाय. म्हणला, "हे कारकुनाचं हाय."

मग ते त्याचं रोजचंच झालं. जेवायला हाक मारली की म्हणायचा, "जेवायचा टाईम झाला व्हय? मला काय कळणार, माझ्याकडं कुटं घड्याळ हाय?" दुकान उशिरा उघडलं तरी तेच. ईरम्मा तोंडाला पदर लावून हसायची. नागपंचमीला दाक्षी माहेरी आली तवा तिनं आमाला नकला करून दाखवल्या. आमी बी हसलो. तवा हसू आलं.

सत्तर साली शिवयोगी झाला. पोरगं दोन वर्षाचं हुतं तवा दाक्षीला पुन्हा दिवस गेले, आणि एक दिवस दुपारपास्नं अंगावरनं जायला लागलं. शेजारच्या बायका म्हणल्या, सोलापूरला दवाखान्यात न्ह्या. मडिवाळप्पा दुकान बंद करून घरी येऊन बसला हुता. व्हय व्हय म्हणला. सांजच्याला सोलापूरची शेवटची यष्टी जाती, ती गेली. सकाळी बैलगाडीत घातली. दाक्षी वाटंतच गेली.

आमी मंद्रूपला पोचलो तवा दारात माणसं बसलेली. अक्कानं एवढंच विचारलं, "काल यष्टीत का न्हाय घातली?"

आणि तो मेलेल्या बायकोच्या उशाला उभा राहून सगळ्यांच्या देखत म्हणला, "टाईम कळला न्हाय, अत्ती. घरात घड्याळ हाय का? तुमी घड्याळ दिलं असतं तर यष्टी चुकली नसती."

दोघीतिघी बायकांनी मान हलवली, असंल बाई, म्हणून.

अक्का त्या दिवशी रडली न्हाय. पण पुढं भाकरी थापता थापता मधीच तिचा हात थांबायचा. म्हणायची, "तंगी, दिलं असतं तर?" तंगी म्हणजे धाकटी भन, ती मला तशीच हाक मारायची. मी म्हणायची, "येडी हैस का तू? त्या भाड्याचं काय ऐकतीस?" ती पुन्हा थापायला लागायची. पण ते तिच्या काळजात रुतलं हुतं. आपण लेक मारली असंच तिला वाटायचं.

वर्षाच्या आत मडिवाळप्पानं दुसरी केली. पोरगं तिकडंच.

मग अक्कानं ठरवलं. तेच घड्याळ घ्यायचं. तेच, सोनेरी, तारखेचं. आणि त्याच्या डोळ्यादेखत पोराच्या हातात घालायचं, ह्याच्या न्हाय. रोज बघू दे म्हणली. रोज जळू दे. तिनं हातातल्या पाटल्या मोडल्या आणि मला घेऊन नव्या पेठेत गेली.

दुकानदार म्हणला, "जावयाला का, मावशी?"

"नातवाला."

"कितवीत हाय?"

"दुसरीत."

तो हसायलाच लागला. "दुसरीतल्या पोराला असलं घड्याळ कुणी देतं व्हय? विटीदांडूत फोडंल. मॅट्रिक झाल्यावर द्या."

"मॅट्रिकपातूर मी जगते का मरते, ते तुमच्या घड्याळात दिसतंय का बघा की," म्हणली अक्का.

घड्याळ घरात आलं. आता द्यायचं कवा? माझे मालक सोमलिंग म्हणले, पोराच्या लग्नात द्या. अक्का म्हणली, "लग्नात दिलं तर बाप मांडवातच काढून घेईल, माझं ऱ्हायलेलं म्हणून." मी म्हणलं, पोरगं सोळा सतरा वर्षाचं होऊ दे, मनगटात जोर येऊ दे, कुणी काढाय लागलं तर हात धरंल. ती म्हणली, तवर तो बापासारखा झाला तर?

तिचं बी खरं हुतं. जावळाला तिनं चांदीचा करदोटा पाठवला, तो ह्यानं विकला. दिवाळीला कपडे पाठवले, ते दुसऱ्या बायकोच्या पोराच्या अंगावर दिसले. त्या घरात पोराच्या अंगावर काय टिकत न्हवतं. टिकंल अशी वेळ पायजे हुती.

तवर ती दर बाजाराला मंद्रूपला जायची. चटणी विकायचं निमित्त. शाळा सुटली की शिवयोगी पळत यायचा. अक्का त्याला भाकरी द्यायची, पण आधी तिच्यावर कडंनं शेंगदाणे मांडायची, घड्याळासारखे. दोन मिरच्या, एक आखूड, एक लांब. "सांग, किती वाजले?" बरोबर सांगितलं की एक दाणा तोंडात. पोरगं हुशार, चार बाजारात शिकलं. दाणे संपले की म्हणायचं, "आज्जी, मी बारा बी खाल्ले. आता कुणाचे बारा वाजणार?"

"वाजतील की," म्हणायची अक्का.

आणि मग आठव्या वर्षी पोराची लिंगदीक्षा ठरली. आमच्यात अय्या, म्हणजे जंगम, येऊन पोराच्या गळ्यात लिंग बांधतो, कानात मंत्र देतो, आजोळचा आहेर लागतो. मडिवाळप्पानं निरोप पाठवला, आहेर घेऊन या. मागायला लाज न्हाय.

अक्का आधीच्या बाजाराला अय्याकडं गेली. मी संगं हुते. पाया पडून म्हणली, "अय्या, दीक्षेत जे अंगावर बांधतात ते काढायचं नसतं की?"

"लिंग काढायचं नसतं."

"आणि लिंगासंगं दुसरं काय बांधलं तर?"

अय्या म्हणला, "काय बांधणार?" तिनं कमरेची पिशवी सोडून घड्याळ दाखवलं. अय्यानं डोळं बारीक केलं. म्हणला, "सावित्रम्मा, शास्त्रात असं कुटं सांगितलेलं न्हाय."

"शास्त्रात घड्याळच न्हाय, अय्या. मग नको म्हणून तरी कुटं सांगितलंय?"

अय्या हसला. पण त्याला दाक्षीचं म्हाईत हुतं, त्यानंच तिला माती दिली हुती. म्हणला, "आण. मी इभूत लावून देतो."

दीक्षेला मांडव भरला. सगळं गाव, सगळी भावकी. हुग्गी, गव्हाची खीर, शिजत हुती. लिंग बांधून झालं. अय्यानं घड्याळाला इभूत लावली आणि अक्काच्या हातात दिलं. पोराच्या मनगटात ते बांगडीसारखं फिरायला लागलं. अक्कानं ते वर सरकवून दंडावर बांधलं. गपकन बसलं, मापाचं असल्यागत. अय्या सगळ्यास्नी ऐकू जाईल असं म्हणला, "आजोळचा आहेर, दीक्षेचा. ह्याच्या अंगावरनं कुणी काढू नये."

मडिवाळप्पाचं तोंड मी बघितलं. ते घड्याळ त्यानं लग्नापास्नं मागितलेलं. आधी त्याला हसू आलं, मग कळलं, मग हसू गेलं. तेवढ्यासाठी पाटल्या मोडल्या तरी काय वाटलं न्हाय.

पण अक्काचं पोट भरलं न्हवतं. तिला त्याचं ते बोलणं त्याच्याच तोंडावर मारायचं हुतं. ती पोराला पुढं घेऊन मोठ्यानं म्हणली, "शिवयोगी, सांग बघू किती वाजले?"

पोरानं दंड वळवला. "साडेचार."

"शाब्बास. आणि सोलापूरची शेवटची यष्टी?"

"साडेसहाला."

"मग टाईम हाय का न्हाय?"

"हाय की."

अक्कानं जावयाकडं बघत पोराला विचारलं, "आणि घड्याळ नसतं तर तुला यष्टी कवा जाती ते कळलं असतं का?"

पोरगं म्हणलं, "कळलं असतं की, आज्जी. शेवटची यष्टी सुटताना लांब हॉर्न मारती न्हाय का? आमच्या घरात रोज ऐकू येतो. अप्पा म्हणतो, निघंल आता, आणि ईरम्माआज्जी दिवा लावती."

हुग्गी ढवळणाऱ्याचा हात थांबला.

अक्का कधी त्या घरात सांजच्याला थांबली न्हवती. त्या वेळी ती त्याच यष्टीत बसलेली असायची. हॉर्न तिनं बी ऐकला हुता, पण गावात कुटवर जातो ते तिला काय म्हाईत. ती ईरम्माकडं वळली. "व्हय, ईरम्मा?"

ईरम्मा खाली बघाय लागली.

कोपऱ्यातनं एक म्हातारी म्हणली, "हॉर्न तर समद्या गावाला ऐकू येतोय की."

"मग तवा का न्हाय बोललासा?" अक्का म्हणली. मोठ्यानं न्हाय. "सहा वर्सं मी घड्याळ घड्याळ करत मेले, लेक मी मारली म्हणत. तुमी माना हलवत बसलासा. समद्यास्नी हॉर्न ऐकू येत हुता."

मडिवाळप्पा उठला. "पोरगं हाय, काय बी बोलतंय," म्हणत त्यानं पोराचा दंड धरला, घड्याळावरच. अय्या तिथनंच ओरडला, "मडिवाळप्पा, हात काढ!" त्यानं हात काढला. गावासमोर काढला.

अक्का त्याच्या जवळ गेली. मला वाटलं आता थोबाडात देती. पण ती म्हणली, "तू ऐकलास, आणि बसून राह्यलास. आता रोज ऐक."

आमी न जेवता निघालो. यष्टी सुटायला लई वेळ हुता. स्टँडवर अक्का बाकड्यावर बसली आणि तवा रडली. सहा वर्साचं रडली. रडून झालं, पदरानं तोंड पुसलं, आणि उठून डायवरकडं गेली. धोंडप्पा त्याचं नाव, आमच्याच बोळातनं भाकरी न्यायचा.

"धोंडप्पा, बाजारातल्या मडिवाळप्पाच्या दुकानापुढनं जातोस की न्हाय?"

"जातो की."

"तितं एक लांब हॉर्न मारायचा. रोज."

"कशापायी, मावशी?"

अक्कानं त्याला कशापायी ते सांगितलं. त्या सांजंला दुकानापुढं त्यानं गाडी हळू केली आणि असा हॉर्न दाबला की गाडीतली माणसं शिव्या द्यायला लागली. अक्का खिडकीतनं बघत हुती.

तवापास्नं रोज. डायवरची बदली झाली की तो नव्या डायवरला सांगून जायचा. अक्का दर आठवड्याला चटणीची पुडी द्यायची. आता तर पोरं दुकानापुढं उभी ऱ्हात्यात, यष्टी आली की मडिवाळप्पाकडं बघून विचारत्यात, "मामा, ऐकू आला का?" गिऱ्हाईक तुटलं. दुसरी बायको लेकरू घेऊन माहेरी गेली, ती परत यायचं नाव काढीना. मला वाईट वाटत न्हाय.

शिवयोगीचं वाटतं. एका बाजाराला त्यानं मला विचारलं, "धाकटे आज्जी, मी त्या दिवशी काय वाईट बोललो का?" मी म्हणलं, न्हाय रं लेका, खरं बोललास. पण घरात तो आता कमी बोलतो. घड्याळ दंडावर हाय. मनगटात यायला अजून चार-पाच वर्सं लागतील. शाळंत मास्तर टाईम त्यालाच विचारत्यात म्हणं.

तर अक्काचं मोठं मन म्हणू नका. माफ करायचं असतं तर तिनं केलं असतं, तिला कुणी अडवलं न्हवतं. अक्काला मठात माती दिली, तवा मडिवाळप्पा बी आला हुता. मी त्याला मठाच्या फाटकातच उभा केला आणि म्हणलं, तुमच्या हातची माती आमाला नको, जावा, यष्टी चुकंल.

परवा बाजार हुता. मी गेले. डायवर नवा हाय, पोरगाच हाय. त्याला वाटलं सावित्रम्मा गेली, आता हे बंद झालं. मी त्याच्या हातात चटणीची पुडी ठिवली.

"हॉर्न मार," म्हणलं.