भालेराव मॅडमची फक्की

भालेराव मॅडमच्या स्कूटरच्या डिकीत छत्री नसे, रेनकोट नसे. फक्कीची पिशवी मात्र हटकून असे. फक्की म्हणजे जमिनीवर आखणी करायची पांढरी भुकटी. आमच्या पाणीपुरवठा विभागात बाकीचे अभियंते काम मंजूर झाल्यावर आखणी करत. या बाई मंजुरीच्या आधीच रेघ मारून मोकळ्या! विचारलं तर म्हणायच्या, "कागदावरची रेघ साहेब बसल्या जागी खोडतात राव. जमिनीवरची खोडायला उन्हात यावं लागतं."

मॅडमचे वडील पिंपरीत एका कारखान्यात फिटर. लहानपण गेलं ते एकाच नळावर भांडणाऱ्या चाळीत. पाण्याचा विषय निघाला की बाईंचा आवाज चढायचाच. मी त्यांच्या हाताखालचा कनिष्ठ अभियंता, आणि एक नंबरचा भित्रा. 'हो सर' हे माझं निम्मं संभाषण.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी आदेश आला: नवी कामं थांबवा, फक्त आरोग्याची ठेवा. निघोजे गावाजवळच्या एका कामगार वस्तीची जलवाहिनी आमच्या यादीत होती. मोठे साहेब मला म्हणाले, "ते काढून टाका." मी काढलं.

मॅडमनी यादी पाहिली. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते, पण तेवढे पुरेसे होते. तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या, मी मागे.

"मॅडम, व्हेंटिलेटर म्हणजे आरोग्य. पाइप नव्हे," साहेब म्हणाले.

"हात धुवा म्हणून रोज भोंगा कोण फिरवतं? आपणच ना? मग धुवायचे कशानं, थुंकीनं?"

बाईंनी माझ्याच खिशातलं पेन काढलं, यादीच्या तळाशी ते काम पुन्हा लिहिलं आणि खाली सही ठोकली. साहेबांनी कसंबसं 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलं. त्याच दुपारी मॅडम वस्तीत जाऊन मुख्य वाहिनीपासून शेवटच्या खोलीपर्यंत रेघ मारून आल्या.

दुसऱ्या लाटेत मॅडम गेल्या. ऑक्सिजनची खाट मिळेपर्यंत उशीर झाला होता. अंत्यदर्शनही घडलं नाही. मी घरात बसून लहान पोरासारखा रडलो, आणि रडताना स्वतःचीच चीड येत होती.

लाट ओसरल्यावर यादी पुन्हा निघाली. साहेब म्हणाले, "भालेराव मॅडमचं ते काम आता काढा." या वेळी मी आधी वस्तीत गेलो. मध्ये अख्खा पावसाळा होऊन गेलेला. रेघ उरणं शक्यच नव्हतं. पण होती! चांगली ठसठशीत. तिथली एक म्हातारी म्हणाली, "पुसली की आमी वढतो. फक्की न्हाई, रांगोळी हाय. बाई म्हनल्या व्हत्या, रेघ जपा."

परत येऊन साहेबांना सांगितलं, "ते काम राहील."

"कुणी ठरवलं?"

"मी."

पुढे 'सर' लावायचं आयुष्यात पहिल्यांदा राहून गेलं. मॅडमनी लिहिलं होतं त्याच पेनाने मी ते काम यादीत सगळ्यात वर लिहिलं, सही केली आणि कागद साहेबांपुढे सरकवला. त्यांनी तो परत ढकलला. मी पुन्हा पुढे सरकवला. शेवटी त्यांनी सही केली.

खोदाईच्या दिवशी ठेकेदाराचा माणूस टेप काढून मोजू लागला. म्हातारीने त्याला झापलं, "मोजतुयास काय? बाईंनी मोजलंय."

त्याने टेप गुंडाळला आणि रेघेवर कुदळ मारली.