निकम मॅडमच्या हसण्याचा मेमो

निकम मॅडमना हसल्याबद्दल मेमो मिळाला होता.

खरंच. कॉलेजच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासकट.

आज मॅडमना जाऊन वर्ष झालं. रडकी पोस्ट टाकली तर वरून मलाच मेमो काढतील. म्हणून हे असं लिहितेय.

मॅडम आमच्या मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवायच्या. मूळच्या देवळ्याच्या. वर्गात इंग्लिश, ऑफिसात शुद्ध मराठी, आणि माणूस आवडला की थेट अहिराणी.

मी त्यांच्याच डिपार्टमेंटला नवीकोरी लेक्चरर. नेमणुकीची ऑर्डर टेम्पररी. दर काही महिन्यांनी जीव टांगणीला.

लोक म्हणतात, तुमचं काय बाई, ना इमर्जन्सी ना नाइट ड्यूटी. या एकदा बघायला. मुलं लेक्चरला आली नाहीत, मेमो आम्हाला. रिसर्च पेपर झाला नाही, मेमो. इन्स्पेक्शनच्या फायली राहिल्या, मेमो. शिकवायची तयारी कधी करता, हे मात्र कोणी विचारत नाही.

एकदा द्वारकेच्या चौकात ट्रक बंद पडला आणि मी अडकले. कॉलेजला पोचले तेव्हा मुलं वर्गात बसलेली. मी आधी लेक्चर घेतलं, मग मशीनवर अंगठा लावला.

झालं. वर्गात मी शिकवत होते आणि कागदावर गैरहजर होते. "आपणांस शिस्तीची जाणीव नाही."

तो मेमो मी ॲप्रनच्या खिशात लपवला. सगळेच लपवायचे, काहीतरी घाण रोग झाल्यासारखे.

घरी नवऱ्याला सांगून टाकलं, बस झालं, सोडते. क्लिनिक टाकेन. आणि खरं तर शिकवणं सोडून मला आयुष्यात दुसरं काही करायचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी माझा चेहरा पाहिला.

"काय व्हयनं व माय?"

मी मेमो पुढे केला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "पह्यले हासी ले, मंग रडजो."

चार वाजता चहाला आसपासच्या डिपार्टमेंटचे लोक आमच्याकडे जमायचे. मॅडम उभ्या राहिल्या, चष्मा लावला आणि माझा मेमो लग्नपत्रिकेसारखा वाचायला लागल्या. आमचे येथे श्रीकृपेकरून आमच्या लाडक्या डॉक्टरीणबाईंना मेमो देण्याचे योजिले आहे, तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून चहाची शोभा वाढवावी.

हसून हसून माझा चहा सांडला.

मग ॲनाटॉमीचे देशमुख सर, एरवी तोंडातून शब्द न काढणारे, त्यांनी हळूच खिशातून कागद काढला. "माझाही वाचा."

तेव्हापासून दर शनिवारी मेमो-वाचन. ड्रॉवर उघडले, पर्सा उघडल्या. कळलं की सगळ्यांच्या मेमोत वाक्यं तीच, फक्त नावं वेगळी. इतके दिवस प्रत्येकाला वाटत होतं, मीच नालायक.

माझं क्लिनिक राहिलं ते राहिलंच.

आणि मग आला तो मेमो. कार्यालयीन वेळेत मोठ्याने हसून शिस्तभंग. लेखी माफी मागा.

मॅडमनी उत्तर लिहिलं. "होय, हसले. माफी नाही." आम्हाला बजावलं, तुमच्या ऑर्डरी कच्च्या आहेत, तुम्ही यात पडायचं नाही.

मी पडले. त्यांच्या सहीखाली लिहिलं, "मीही हसले." पुढची ऑर्डर येईल की नाही, देव जाणे.

खाली देशमुख सरांनी सही केली. मग बाकीच्यांनी. कागद उलटावा लागला.

सगळे मिळून डीनच्या केबिनमध्ये गेलो. डीननी कागद वाचला, उलटून वाचला. मग ड्रॉवर ओढून एक जाडजूड गठ्ठा टेबलावर ठेवला.

"मॅनेजमेंटकडून मला येतात ते कोण वाचणार?"

मॅडमनी शांतपणे चष्मा लावला. "द्या सर. चहा मागवा."

त्या दिवशी डीन जे काही हसलेत! बाहेरचा शिपाई घाबरून आत डोकावला.

मॅडमचा मेमो रद्द. माझाही रद्द. आणि तेव्हापासून नियम झाला: आधी समोर बसवून विचारायचं, मग कागद. लेक्चर घेतलं असेल तर हजेरी धरायची. छोटीशीच गोष्ट, पण आमच्यासाठी गड जिंकल्यासारखी.

नोकरी अजून सोपी नाही. पण माझी ऑर्डर पक्की झाली आणि मी शिकवतेय. रोज.

आज चार वाजता आम्ही सगळे जमलो. मॅडमचा तो मेमो मी वाचला, त्यांच्याच स्टाईलमध्ये. जमेल तसा. देशमुख सर रिटायर झालेत, तरी खास आले होते. हसताना डोळे पुसत होते.

ऑफिसपर्यंत आवाज गेला म्हणे.

मॅडम, तुम्हाला भावपूर्ण श्रद्धांजली. मोठ्याने. कार्यालयीन वेळेत.