मधे उभं राहणारं माणूस

एकोडीच्या तलावात जाळं टाकणाऱ्या इतवारीची बायको शकुन काविळीने गेली, तेव्हा त्यांची खुशबू सहा वर्षांची होती. इतवारीने दुसरं लग्न केलं नाही. जाळं विणणाऱ्या बोटांनी तो वेणी घालायला शिकला, पालकसभेत बायांच्या घोळक्यात एकटा बसला. गाव म्हणायचं, बापाने आईची कमी भासू दिली नाही. त्यालाही तसंच वाटायचं.

खुशबू नववीत असताना एकदा शाळेतून न सांगता मैत्रिणीकडे गेली आणि दोन तास उशिरा आली. इतवारीचा जीव टांगणीला लागला होता. ती दारात दिसताच त्याने तिला मारलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा उचललेला हात त्याचा त्यालाच दिसला, तेव्हा तो थांबला. खुशबू रडली नाही. भिंतीला टेकून नुसती बघत राहिली.

त्याचा बापही असाच तापट होता. पण आई मधे येऊन उभी राहायची. या घरात मधे येणारं कोणी नव्हतं.

सकाळी तो शेजारच्या चंद्रकांताकडे गेला. ती आणि तिचा नवरा प्रविण धानाची शेती करत, त्यांनाही दोन मुलं होती.

"वहिनी, प्रविणभाऊ पोरांवर चिडले त तुम्ही काय करता?"

"मी मधात येऊन आडवी होते. मी चिडली त ते आडवे होतेत. काहून?"

"माझ्या घरी आडवं होणारं कोणी नाही. मी रागात दिसलो का खुशबू तुमच्याकडं येईन. मी न्यायले आलो तरी धाडू नका तिले."

"आन तिले हे कोण सांगन?"

"मीच सांगतो."

संध्याकाळी मासोळ्या साफ करता करता, खुशबूकडे न बघता त्याने सांगितलं, "तुले मारलं, ते चुकलं माझं."

"आन मी उशिरा आली ते?"

"ते बी चुकलं. पण त्याच्यावर बोलता आलं असतं. आता मी रागात दिसलो का वहिनीकडं जात जाय."

पुढच्या दोन वर्षांत खुशबू तीनदा चंद्रकांताकडे गेली. एकदा तो मागोमाग तिच्या दारात पोचला. चंद्रकांता म्हणाली, "आवाज चढलाच हाय अजून, भाऊ. चहा पिऊन या." गल्लीतले लोक बघत होते. तो मुकाट्याने परत फिरला.

खुशबू आता भंडाऱ्याला नर्सिंग शिकते. सुट्टीत आली की आधी चंद्रकांताकडे शिरते, मग घरी येते. सुरुवातीला इतवारीला ते लागायचं. आता तो मासोळ्या घेऊन तिकडेच जातो, आणि सगळे मिळून जेवतात.