दोष खंय?

नवा कपडा दिसला की ती आधी तो उलटा करून बघायची, मग तो कुणाच्या अंगावर का असेना! बसस्टॉपवर उभ्या असलेल्या अनोळखी बाईची बाही दुमडून आतली शिवण तपासताना मी तिला पाहिलंय, आणि त्या बाईनं मुकाट्यानं हात पुढे केलेलाही पाहिलाय. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्याशी भांडायचा धीर होत नाही.

साकीनाक्याच्या आमच्या एक्स्पोर्ट युनिटमध्ये ती चेकिंगच्या टेबलावरची मुख्य. मूळची मालवणकडची, सगळ्यांची काकी. मी ऑफिसात टेलेक्सवर. कपड्यात दोष सापडला की काकी तिथं लाल बाणाचं स्टिकर चिकटवायची. एकदा माझ्या डब्यातल्या चपातीवरही चिकटवलं. "कड कच्ची आसा गो," म्हणाली.

मला तेव्हा फॅशनचं भारी वेड. पगार झाला की अंधेरी स्टेशनबाहेरून नवा टॉप. पफच्या बाह्या जाऊन बॅटविंग आल्या, तशी आमची आई पफवाल्या टॉपनं लादी पुसायला लागली. काकीनं हे ऐकलं आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"दोष खंय होतो त्याच्यात?"

"दोष कुठेच नाही गं काकी, फॅशन गेली."

"फॅशन गेली. कापड गेला काय?"

मी हसण्यावारी नेलं.

मग एका सोमवारी माझंच वाक्य टेलेक्सवर खडखडत आलं. परदेशातल्या गिऱ्हाइकाला चार खोके हिरवे शर्ट नकोसे झाले होते. तो रंग तिकडे आता चालत नाही म्हणे. माल इथं विकायचा नाही, कापून टाकायचा, आणि शनिवारी त्यांचा माणूस येऊन खात्री करणार. मी कागद शेठला दिला, शेठनं काकीला बोलावलं.

काकीनं एक शर्ट उलटा केला. कॉलर, बगल, काजं, सगळं पाहिलं. "दोष खंय?"

"दोष नाही, बाई. कापा."

"मशीनवरच्या सरितानं ताप अंगावर काढून ह्या कॉलरी शिवल्यात. तिला काय सांगू?"

"कापा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

काकीच्या नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, घरात कमावती ती एकटी. शर्ट उचलून ती टेबलाकडे गेली. मला स्वतःचीच लाज वाटली. "फॅशन गेली" असं मीही किती सहज बोलले होते!

शनिवारी तो माणूस आला तेव्हा पुढा वेगळा, पाठ वेगळी, बाह्या वेगळ्या, असे ढीग पडलेले. एक तुकडा चिमटीत धरून त्यानं बघितला, खूश झाला, सही ठोकून गेला. शिवणकामातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. काकीनं कापडाला कातर लावलीच नव्हती, बायांना घेऊन नुसती शिवण उसवली होती. शेठ म्हणाला, या चिंध्या उचला इथून. बायांनी उचलल्या आणि घरी नेल्या.

महिन्याभरात अख्खा साकीनाका हिरवागार! चहावाला हिरवा, पानवाला हिरवा. शेवटी आमच्या गेटवरचे पहारेकरी मामा हिरवा शर्ट घालून शेठच्या गाडीला सलाम ठोकायला उभे राहिले, आणि वाट लागली.

"बाई, कापले नव्हते?" शेठनं विचारलं.

"कापले की. त्या माणसाची सही आहे."

"मग हे काय?"

"शिवले. शिवू नका म्हणून खंय लिहिलंय?"

शेठनं मला टेलेक्सचा कागद आणायला लावला. तसं कुठेच लिहिलं नव्हतं. शेठलाही हसू आलेलं मी पाहिलं, शपथ! पण गिऱ्हाईक जाईल ही भीती मोठी. "आज तुमचा शेवटचा दिवस, बाई." मी काकीच्या बाजूनं बोलायला हवं होतं. बोलले नाही. ते अजून सलतं.

त्यानंतर काकी युनिटात कधी आली नाही. पण त्या संध्याकाळी पिशवी घेऊन निघाली ती गेटपाशी थबकली. मामांच्या शर्टाची बगल उसवलेली होती. तिनं त्यांना हात वर करायला लावला आणि सुईदोरा काढला. मागून शेठची गाडी आली. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. मामा एक हात आभाळाकडे धरून केविलवाणे उभे. गेट उघडणार कोण?

"हलू नका मामा, सुई टोचात," काकी म्हणाली. टाका पुरा होईपर्यंत शेठची गाडी तिथंच उभी होती.